हिरोचा कान कसा आहे?

लातूरच्या ट्यूशनवाल्या भागात माझा भाचा रूम करून राहतो. दहा बाय बाराची खोली, चार कॉट, चार पोरं आणि खिडकीत वाळणारे टॉवेल. दिवाळीनंतर भेटायला गेलो तर नीटच्या सराव पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर चौघांचं काहीतरी जोरात चाललेलं. मला वाटलं, सेंद्रिय रसायन असेल. निघालं भलतंच. 'डेअरडेव्हिल' ही मालिका आपल्या मराठवाड्यात केली तर कुणी कुठलं काम करायचं, याची यादी!

"मामा, व्हिलन अर्ध्या मिनिटात ठरला," भाचा म्हणाला. "हिरोवर दोन तास झाले भांडायलाव."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेअरडेव्हिल हा स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी १९६४ साली कॉमिकमध्ये जन्माला घातलेला आंधळा वकील. लहानपणी एका म्हाताऱ्याला ट्रकखाली जाताना वाचवलं, त्यात किरणोत्सारी द्रव्य डोळ्यांत गेलं. दृष्टी गेली, पण कान-नाक-त्वचा विलक्षण तल्लख झाली. दिवसा कोर्ट, रात्री मारामाऱ्या. एप्रिल २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची मालिका आली आणि उडत्या हिरोंना कंटाळलेल्यांनी ती डोक्यावर घेतली. दुसऱ्याच भागात एका अरुंद कॉरिडॉरमध्ये मारामारी आहे, एका दमात चित्रित केल्यासारखी. त्यात हिरो दमतो. भिंतीला टेकतो, धापा टाकतो, पुन्हा उठतो. या जातीच्या मालिकांची खरी ओळख ही दमछाकच. आणि दमणारा माणूस म्हटला की तो कुठल्या तरी गावचा असावा लागतो.

पण पोरांचं भांडण गावावरून नव्हतं, चेहऱ्यावरून होतं. जगभर ते तसंच असतं. १९८९ च्या बॅटमॅनसाठी मायकेल कीटनची निवड झाली तेव्हा स्टुडिओकडे निषेधाची हजारो पत्रं गेली. हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. पुढं त्याच भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. 'एक्स-मेन' कॉमिकमधला वुल्व्हरिन हा हिरो पाच फूट तीन इंचांचा, आणि सिनेमात तो झालेला ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. आज वुल्व्हरिन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं जॅकमनच येतो. मग आधी एवढा विरोध करणाऱ्यांच्या डोक्यात नेमकं काय होतं?

मी पोरांना एक प्रश्न टाकला. "तुमच्या मनातला हिरो दिसतोय ना डोळ्यांपुढं? त्याचा कान कसा आहे? पाळी सुटी आहे का चिकटलेली?"

चौघंही गप्प. मग एकजण म्हणाला, "केसांमुळं दिसंना."

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. त्याचा खापरपणजोबा फ्रान्सिस गाल्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ. १८८० साली त्यानं लोकांना विचारलं होतं, की आज सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांपुढं आणा आणि सांगा, किती उजेड आहे, किती स्पष्ट दिसतं, रंग दिसतात का. त्याला वाटलं होतं, सगळ्यांना चित्र दिसत असणार. पण त्यानं विचारलेल्या कित्येक शास्त्रज्ञांनी कळवलं, की आम्हाला चित्रबित्र काही दिसत नाही. काहींच्या मनात ते लख्ख दिसतं, काहींच्या मनात धूसर आणि काहींच्या मनात काहीच नाही. या शेवटच्या अवस्थेला अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'अफँटेझिया' असं नाव दिलं. योगायोग असा, की डेअरडेव्हिलची मालिकाही त्याच वर्षीची.

म्हणजे आपल्या मनातला हिरो हा फोटो नसून खडूनं काढलेलं रेखाटन असतं. खांदे असतात, चाल असते, आवाजाची जात असते, कान नसतो. नट समोर आला की त्या रिकाम्या जागा तो भरतो, आणि एकदा भरल्या की आधी त्या रिकाम्या होत्या हेच आपण विसरतो. चार्ली कॉक्सला डेअरडेव्हिल म्हणून पाहिलेला माणूस जुनं कॉमिक उघडतो तेव्हा संवाद कॉक्सच्याच आवाजात ऐकू येतात. २०१८ मध्ये मालिका बंद झाल्यावर चाहत्यांनी ती परत आणण्यासाठी मोहीम चालवली आणि २०२५ मध्ये नव्या नावानं मालिका आली, तेव्हा हिरो तोच ठेवावा लागला. सवयीचाही यात मोठा वाटा. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं होतं, की अर्थ नसलेले शब्द किंवा अनोळखी चिन्हंसुद्धा पुन्हा पुन्हा समोर आली की माणसाला आवडू लागतात. चेहऱ्यांचंही तसंच. तेरा भाग बघून झाल्यावर 'हा नको होता' म्हणणारे थोडेच उरतात.

आता व्हिलन अर्ध्या मिनिटात का ठरला? खरं तर अर्धा मिनिटही लागत नाही. जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या फक्त दहाव्या भागापुरते दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का, आक्रमक वाटतो का. एवढ्याशा वेळात बनलेली मतं आणि निवांत बघून बनलेली मतं बरीचशी जुळली. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदललं नाही, स्वतःच्या मतावरचा विश्वास तेवढा वाढला. (आमच्या गावात सोयरीक जमवताना नेमकं हेच होतं, पण तो विषय वेगळा.) ही मतं झटपट असतात, म्हणून बरोबर असतात असं मुळीच नाही. पोरांनी यादीत लिहिलेला व्हिलन टक्कल असलेला, जाड मानेचा, बारीक डोळ्यांचा होता. मूळ मालिकेत व्हिन्सेंट डॉनॉफ्रिओनं केलेल्या विल्सन फिस्कची ती सरळसरळ नक्कल.

इथं मी मधे पडलो. म्हटलं, अरे, आधी गाव ठरवा. चेहरा नंतर.

याला आधार आहे. शंभरेक वर्षांपूर्वी लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सुपाची वाटी, कधी शवपेटी, कधी तरुणी जोडली. सांगतात, की प्रेक्षकांनी त्या नटाची भूक, दुःख, अभिलाषा या सगळ्याची तारीफ केली, आणि चेहरा तर दर वेळी एकच होता. ती मूळ फिल्म आता शिल्लक नाही, त्यामुळे ही गोष्ट थोडी मीठमसाला लावून सांगितली जात असणार. पण २००६ मध्ये मेंदूचे स्कॅन घेत असाच प्रयोग पुन्हा झाला. तोच तटस्थ चेहरा आनंदी दृश्यांच्या जोडीनं वेगळा वाचला गेला, दुःखी दृश्यांच्या जोडीनं वेगळा. वस्तूंनाही हा नियम लागू आहे. १९७५ मध्ये स्टीफन पामर यांनी लोकांना आधी स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं आणि मग क्षणभर एखादी वस्तू. पाव पटकन ओळखला गेला. त्याच्यासारख्याच आकाराची टपालपेटी दाखवली, तर लोक फसले. आजूबाजूला काय आहे, यावर समोरचं काय आहे हे मेंदू ठरवतो.

मूळ मालिकेचं गाव म्हणजे हेल्स किचन, मॅनहॅटनच्या पश्चिमेचा हडसन नदीकाठचा भाग. एके काळी गरीब आयरिश कामगारांचा आणि गुंडांच्या टोळ्यांचा. आता तिथली घरभाडी ऐकून माणूस चाटच पडेल. त्यामुळे मालिकेचं बरंचसं चित्रीकरण ब्रुकलिन आणि क्वीन्समध्ये झालं, आणि कथेत असं मानून घेतलं, की परग्रहवासीयांच्या हल्ल्यात हा भाग उद्ध्वस्त होऊन पुन्हा गरीब झाला. म्हणजे गाव खोटंच, पण अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटून उभ्या विटांच्या इमारती, बाहेरून चढणारे लोखंडी जिने खरे. आंधळ्या माणसाची ताकद जिथं चालेल असंच ते गाव आहे.

का चालेल, हे कळायला देवगिरीच्या किल्ल्यात जायला हवं. छत्रपती संभाजीनगरपासून अगदी जवळ आहे. दोन वर्षांपूर्वी याच भाच्याला घेऊन तिथल्या अंधारीत उतरलो होतो. खडकातून कोरलेला वळणावळणाचा भुयारी रस्ता. शत्रू आत शिरला की त्याला दिशाच कळू नये म्हणून केलेला. मधेच आम्ही मोबाईलची बॅटरी बंद केली. डोळे उघडे ठेवले काय अन् मिटले काय, फरक शून्य. वटवाघळांचा तो उग्र, नाकात बसणारा वास. भाच्यानं टाळी वाजवली, आणि पुढं वळण आहे हे मला चक्क ऐकू आलं.

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. एवढ्या लहान अंतरानं आलेला प्रतिध्वनी आपल्याला सुटा ऐकू येत नाही, पण मूळ आवाजाचा पोत त्यानं बदलतो. रिकाम्या खोलीत बोलणं आणि गाद्यांनी भरलेल्या खोलीत बोलणं, तसा फरक. वटवाघळं हेच काम आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात करतात. डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९४४ मध्ये त्याला 'एकोलोकेशन' हा शब्द दिला. काही अंध माणसं जिभेनं 'टक्' असा आवाज काढून हीच विद्या वापरतात. लॉर थेलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा दोघांचे मेंदू तपासले, तेव्हा प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूचा एरवी बघण्यासाठी वापरला जाणारा भाग काम करताना दिसला. याच गटानं २०२१ मध्ये आणखी दाखवलं, की दहा आठवड्यांच्या सरावानं डोळसांनाही आणि अंधांनाही हे बऱ्यापैकी शिकता येतं, आणि वय वाढलेल्यांनाही. त्यासाठी किरणोत्सारी पिंप अंगावर पडायची गरज नाही.

पण ही विद्या परिसरावर अवलंबून आहे. भिंत हवी. अंधारीत, संभाजीनगरच्या जुन्या बोळांत, वाड्यांच्या देवड्यांत आपला हिरो राजा. त्याला नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानात नेऊन उभा करा. ढेकळं आवाज शोषतात, आणि जवळपास काही नाहीच तर परत येणार काय? कपाळ! २००३ च्या 'डेअरडेव्हिल' सिनेमात पावसाच्या थेंबांच्या आवाजावरून त्याला नायिकेचा चेहरा 'दिसतो', तो प्रसंग सुरेख आहे. पण आमच्याकडं पावसाळाभर मिळून सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. इथं नायिकेला बघायचं तर हिरोनं जूनची वाट बघावी.

आणि उभा ऊस? पात्यांची सळसळ सगळीकडून, सतत, डोक्याच्याही वरपर्यंत. जिभेची 'टक्' त्यात बुडून जाईल. तिथं तो खरा आंधळा.

"म्हंजे क्लायमॅक्स उसात," भाचा म्हणाला, आणि पेन घेतलं.

मग गाड्या सुटल्या. हिरो छपरावरून पळणार, तर कुठल्या? स्लॅबवरून नको, माळवदावरून. जुन्या गावांत घराला घर लागून असायचं, एका माळवदावरून दुसऱ्यावर जाता यायचं. दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, कारण एवढी माती तापायला संध्याकाळ उजाडते. पण तिचं वजन? अर्धा मीटर मातीचा थर या पोरांच्या दहा बाय बाराच्या खोलीवर टाकला, तर साडेपाच घनमीटर माती होते, म्हणजे जवळपास नऊ टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली, ६.२ तीव्रतेनं. जगाच्या हिशोबात हा काही महाभूकंप नव्हे. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि वरचं ते वजन झोपलेल्यांवर आलं. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. माझी आई अजूनही त्या रात्रीचं बोलताना आवाज खाली आणते.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यातल्या औश्याच्या पोरानं कागदावर लिहिलं : हिरो, वय तिशीच्या पुढं, डोळे त्या रात्री गेले.

भाषेचा मुद्दा शेवटी निघाला, आणि तिथं गंमत झाली. पोरांनी नमुन्याला चार संवाद लिहिले होते. हिरो बोलत होता, "मी तुला सोडणार नाही." व्हिलनचा पंटर बोलत होता, "कस्काय, कुठं चाललास रं?" मी विचारलं, हिरो कुठला? "औश्याचा." मग तो पुण्याचं का बोलायलाय? चौघंही हसले, जरा ओशाळून. शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केझार यांनी २०१० मध्ये दाखवलं होतं, की तेच वाक्य परक्या उच्चारात ऐकलं तर लोकांना ते कमी खरं वाटतं. समजायला जो जादा कष्ट पडतो, तो ऐकणारा बोलणाऱ्याच्या खात्यावर मांडतो. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. पण इथं तर उच्चार परका नव्हताच. आपलीच बोली पडद्यावर वर्षानुवर्षं हसवायलाच आली, म्हणून ती विनोदी वाटते. झायन्सचं 'पुन्हा पुन्हा' असंही काम करतं, असा माझा अंदाज.

परवा भाच्याचा फोन आला. सराव परीक्षेत भौतिकशास्त्रात मार्क बरे पडले म्हणाला. तो ध्वनीवरचा प्रश्न सुटला. यादीचं विचारलं. हिरोच्या नावापुढं अजून प्रश्नचिन्हच आहे. पण व्हिलनचं नाव खोडलंय. आता व्हिलन ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम आहे, उचल देतो आणि वहीत लिहून ठेवतो.

"मग तो टकल्या का काढला?" मी विचारलं.

"मुकादम असा दिसत नसतोय मामा," भाचा म्हणाला. "तो बारीक असतोय. आणि सगळ्यांना दादा म्हणतोय."