रंग का उडतो? घरच्या फोटो प्रिंटरमागची गोष्ट

घरी फोटो छापायला प्रिंटर घ्यायचा म्हटलं की दुकानात आधी डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके) आकडा सांगतात, मग मिनिटाला किती पानं निघतात ते. पण ज्याला फोटो विकायचे आहेत किंवा भिंतीवर वर्षानुवर्षं टिकवायचे आहेत, त्यानं पहिला प्रश्न शाईचा विचारावा: डाय (विरघळलेला रंग) की पिगमेंट (रंगाचे कण)? या एका प्रश्नामागे बराच इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की निवड पुष्कळ सोपी होते.

इंकजेटचा, म्हणजे कागदावर शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या यंत्राचा, जन्म फोटोसाठी झालेला नाही. रूने एल्मक्विस्ट या स्वीडिश संशोधकानं १९५१ मध्ये पेटंट घेतलं ते मोजमाप नोंदवणाऱ्या यंत्रासाठी. पुढे शरीरात बसवायचा पहिला पेसमेकरही त्यानंच बनवला. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांनी पाहिलं, की शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंग आयर्न लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेनं बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो, ही बबलजेटची कल्पना तिथली. एचपीमध्येही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सापडलं. एप्सननं वेगळी वाट धरली. वीज दिली की आकार बदलणाऱ्या स्फटिकानं थेंब दाबून काढायचा, शाई तापवायचीच नाही.

फोटोच्या बाजूनं खरी उडी मारली ती गायक ग्रॅहम नॅश यांनी. छापखान्यात प्रूफ (छपाईआधीचा नमुना) काढण्यासाठी बनवलेला आयरिस ३०४७ हा अजस्र प्रिंटर त्यांनी १,२६,००० डॉलर मोजून घेतला. त्यावर स्वतःचे फोटो जाड आर्ट पेपरवर छापता यावेत म्हणून यंत्रात फेरफार करून घेतले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला नॅश एडिशन्स हा छपाई स्टुडिओ सुरू केला. ते यंत्र आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. प्रिंट देखण्या निघत, पण शाई डाय होती आणि सुरुवातीच्या प्रिंटचा रंग काही वर्षांतच उतरू लागे. गॅलरीत पैसे मोजून घेतलेलं चित्र फिकं पडावं, यासारखी नामुष्की नाही.

डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, कोऱ्या चहासारखा. कागदात मुरतो, झळाळतो, गडद दिसतो. पिगमेंट म्हणजे गेरू कालवावा तसे द्रवात तरंगणारे रंगाचे अतिसूक्ष्म कण. ते कागदाच्या वरच्या थरावर बसतात. ऊन, हवा आणि ओल यांना ते सहजी दाद देत नाहीत. पण गेरू जसा तळाशी बसतो, तसा पिगमेंटही पडून राहिला तर थेंब सोडणाऱ्या हेडमध्ये बसतो आणि वाळतो.

१९९४ मध्ये ७२० डीपीआयचा एप्सन स्टायलस कलर आला. दोनच वर्षांनी एप्सननं फिका निळा आणि फिका गुलाबी धरून सहा रंगांचा फोटो प्रिंटर काढला, आणि फोटोतल्या चेहऱ्यांवर दिसणारे शाईचे ठिपके दिसेनासे झाले. मग २००० साली स्टायलस फोटो १२७० आला. घरच्या टेबलावर १३ इंच रुंदीची, लॅबच्या तोडीची प्रिंट, आणि ती अनेक वर्षं टिकेल असं आश्वासन. घेणारे हरखून गेले. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. उघड्यावर ठेवलेल्या काही प्रिंट आठवड्याभरात नारिंगी पडत होत्या. काचेमागे लावलेल्या त्याच प्रिंट मात्र ठणठणीत. गुन्हेगार प्रकाश नव्हता, हवेतला ओझोन होता. तो निळा डाय खात होता आणि उरलेला लाल-पिवळा चेहऱ्यावर दिसत होता.

कागदाचाही यात हात होता. पटकन वाळावं म्हणून काही ग्लॉसी कागदांच्या थरात असंख्य बारीक छिद्रं असतात. शाई क्षणात आत जाते, पण पाठोपाठ हवाही जाते. दुसऱ्या प्रकारच्या कागदात थर फुगतो आणि रंगाला पोटात घेतो. तो वायूपासून वाचवतो, पण सावकाश वाळतो आणि दमट हवेत चिकटतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये छापणाऱ्यानं हे लक्षात ठेवावंच.

२००० सालीच आलेल्या एप्सनच्या २०००पी या प्रिंटरमध्ये पिगमेंट शाई होती. टिकाऊपणा भरपूर, पण दिव्याखाली बरोबर दिसणारा कृष्णधवल फोटो खिडकीपाशी नेला की हिरवट झाक मारायचा. २००२ च्या २२०० मध्ये फिकी काळी शाई आली, २००५ च्या आर२४०० मध्ये तीन पातळ्यांची काळी, आणि तो हिरवटपणा जवळजवळ गेला. आज एका प्रिंटरमध्ये काळ्याच्या इतक्या कार्ट्रिज का, याचं उत्तर इथं आहे. कॅननच्या प्रो-१००० मध्ये तर ११ रंगांसोबत चकाकी सारखी करणारा एक पारदर्शक द्रवही असतो, कारण वर बसलेल्या पिगमेंटमुळे ग्लॉसी कागदाची चमक जागोजागी तुटायची.

आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंपर्यंत ही क्रांती पोहोचली ती टाकीच्या प्रिंटरमुळे. कार्ट्रिज महाग, म्हणून लोक बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडत. हे पाहून एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला. मग सहा रंगांचा एल८०० आणि ए३+ (ए३ पेक्षा थोड्या मोठ्या) आकाराचा एल१८०० आले. पासपोर्ट फोटो, अल्बम, वाढदिवसाची फ्रेम या कामाला त्यांचा खर्च परवडतो. मात्र त्यांची शाई डाय आहे.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे. अल्बममध्ये मिटून राहणारे किंवा काचेमागे जाणारे फोटो रोज मोठ्या संख्येनं काढायचे असतील, तर टाकीचा डाय प्रिंटर घ्यावा, कंपनीच्याच शाईनं चालवावा. प्रदर्शनात लावायच्या, सही करून विकायच्या प्रिंट असतील, आणि त्यातही कृष्णधवल, तर पिगमेंटच. मॅट आणि ग्लॉसी अशा दोन्ही कागदांवर काम असेल, तर मॅटची काळी आणि ग्लॉसीची काळी या दोन्ही शाईंना स्वतंत्र नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) आहेत का, ते विचारून घ्यावं. जुन्या बऱ्याच मॉडेलमध्ये कागद बदलला की काळी बदलताना शाई वाया जाई. आणि पिगमेंट घेतला तर आठवड्यातून निदान एक रंगीत पान काढावं. माझा प्रिंटर एकदा सुट्टीत महिनाभर बंद होता. परतल्यावर नोझल तपासणीच्या पानावर निळ्याच्या जागी तुटक रेघा होत्या आणि हेड साफ करण्यातच अर्धी कार्ट्रिज संपली.