पाणी आरक्षित आहे, मग नळ का येत नाही? आरक्षण आणि आवर्तन

पावसाळा सरला की खान्देशातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते: अमुक शहरासाठी धरणात इतके दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी आरक्षित. उन्हाळा तापायला लागला की दुसरी येते: गिरणा धरणातून पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटले. दोन्ही वाचून लोक अर्थ एकच काढतात, की चला, पाण्याची चिंता मिटली. मग नळ आठ-दहा दिवसांआड यायला लागला की नगरपालिकेच्या नावाने शिमगा. तो बऱ्याचदा रास्तही असतो, पण नेमका कशासाठी करायचा हे या दोन शब्दांतला फरक कळल्याशिवाय ठरत नाही.

आरक्षण हा कागदावरचा हिशेब. 15 ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते पाहून पुढच्या पावसापर्यंतची वाटणी मांडतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत पिण्याचे पाणी आधी बाजूला निघते. उरलेल्यातून रब्बीला किती पाळ्या द्यायच्या, ते कालवा सल्लागार समितीत ठरते. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचा पहिला मान मात्र कोणी हलवला नाही. याला पाण्यावरची मालकी समजू नये. हा ठरावीक पाणी वापरण्याचा हक्क आहे, त्यासाठी पालिकेला जलसंपदा विभागाशी करार करावा लागतो, पाणीपट्टी भरावी लागते, आणि थकबाकी साचली की पत्रापत्री सुरू होते.

आता जरा आकडेमोड करू. एक लाख वस्तीचे शहर घ्या. माणशी रोज 135 लिटर धरले तर दिवसाला 1 कोटी 35 लाख लिटर, म्हणजे वर्षाला साधारण 4.9 दलघमी. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगायचे तर 0.17 च्या आसपास. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, त्याखाली तीन टीएमसी मृत साठा, म्हणजे दरवाजांतून बाहेर न निघणारे तळाचे पाणी, वेगळा. म्हणजे धरण भरलेले असेल तर अख्ख्या शहराची वर्षाची तहान शंभरातला एक भागसुद्धा नाही. मग अडते कुठे?

अडते वाटेत. धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात पांझणजवळ. मालेगाव थेट जलाशयातून पाणी उचलते. त्याच्यासाठी आरक्षण आणि प्रत्यक्ष पाणी यांत पंप आणि पाइप एवढेच अंतर. भडगाव-पाचोऱ्याच्या पट्ट्यातल्या नदीकाठच्या गावांचे तसे नाही. त्यांच्या विहिरी नदीच्या पात्रात किंवा काठाला. धरणात त्यांच्या नावाचे पाणी पडून असले तरी ते नदीने चालत आल्याशिवाय उपयोग शून्य. रेशनकार्डावर नाव असले म्हणून धान्य घरच्या डब्यात पडत नाही, तसेच हे. ते चालत येणे म्हणजे आवर्तन.

आणि उन्हाळ्यात नदीने पाणी आणणे हा मोठा महागडा प्रकार आहे. दरवाजे उघडले की सुटलेले पाणी आधी कोरड्या पात्राची तहान भागवते. पाण्याचे तोंड कुठवर आले हे काठावरची माणसे फोनवरून एकमेकांना कळवत असतात. ते तोंड दिसायला अगदीच गरीब असते: पुढे फेस, काटक्या, प्लास्टिक, आणि मागे वीतभर गढूळ पाणी. एखाद्या खड्ड्यात ते शिरते आणि खड्डा भरेपर्यंत तिथेच थांबते. वाळू उपसून पात्रात जितके खड्डे केलेत, तितका हा मुक्काम वाढतो. वर ऊन आपला वाटा घेते, मध्ये बंधारे. आणि काठावरच्या मोटारी. आवर्तन चालू असताना नदीकाठच्या कृषिपंपांची वीज बंद ठेवण्याचे आदेश निघतात. शहरात बसून त्या शेतकऱ्याला पाणीचोर म्हणणे सोपे आहे. एप्रिल-मे महिन्यात ज्याची केळी डोळ्यांदेखत माना टाकते त्याला वाहत्या पाण्याकडे नुसते बघत बसा म्हणणे तेवढे सोपे नाही. आदेश हवाच. पण त्याला काय वाटत असेल तेही ठाऊक असावे.

त्यामुळे शहराच्या डोहात, म्हणजे नदीपात्रातल्या ज्या साठ्यातून ते पाणी उचलते तिथे, हवे तेवढे पाणी पोचवायला धरणातून त्याच्या कितीतरी पट सोडावे लागते. ही तूट कोणाच्या वाट्याची? शेवटी ती धरणातल्या एकूण साठ्यातूनच जाते, म्हणजे धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या जामदा बंधाऱ्याच्या कालव्यांवरच्या रब्बीच्या पाळीवर तिचा ताण येतो. बैठकीत आवाज चढतात ते यावरून. पिण्याच्या पाण्याला कोणाचाच विरोध नसतो. वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र कोणालाच आपल्या खात्यावर नको असतो.

गंमत अशी, की याच मुलखातल्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, हक्क आणि पाळी अशा वेगवेगळ्या ठेवलेल्याच नव्हत्या. पांझरा-मोसमवरच्या बंधाऱ्यांखाली ज्याचे रान फडात, त्याचे पाणी. आणि पाटकरी ते सगळ्यांच्या देखत फिरवून देई. धरण पन्नास-साठ मैलांवर आणि बैठक जिल्ह्याच्या गावी, अशी ती व्यवस्था नव्हती. अर्थात तिने लाखाच्या शहराला पाणी पाजले नसते, हेही खरे.

जळगाव शहराने यातून वाट काढली ती स्रोत बदलून. पूर्वी ते गिरणेवर होते, आता वाघूर धरणातून पाणी घेते. भुसावळची मदार तापीवर, म्हणजे हतनूर धरणातून पाणी सुटण्यावर. तिथे जलाशयात साठलेल्या गाळाचे दुखणे वेगळेच आहे, तो विषय स्वतंत्र.

तेव्हा बातमी वाचताना तीन गोष्टी सुट्या करून बघाव्यात. आरक्षण झाले नसेल किंवा कमी झाले असेल, तर प्रस्ताव वेळेत गेला होता का, हे पालिकेला विचारायचे. आरक्षण आहे पण आवर्तन लांबले, तर प्रश्न जलसंपदा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा. आवर्तन येऊन डोह भरला आणि तरीही नळ आठ दिवसांनीच येतोय, तर धरणाकडे बोट दाखवणाऱ्या नगरसेवकाला तिथेच थांबवायचे. तिथे दोष जलशुद्धीकरण केंद्राच्या क्षमतेचा, टाक्यांचा, जुन्या फुटक्या जलवाहिन्यांचा, नाहीतर वीजबिलाचा. गिरणेचा त्यात काही संबंध नाही.

आणखी एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही: डोह एकदा भरला की शहराला किती दिवस पुरतो, आणि पुढचे आवर्तन कधी? डोह महिनाभर पुरत असेल आणि दोन आवर्तनांत दीड महिन्याचे अंतर असेल, तर मधले पंधरा दिवस ओढाताणीचे जाणार हे मार्चमध्येच सांगता येते. शिवाय शेवटचे आवर्तन मे महिन्यात दडपणाखाली सोडून टाकले आणि मृगाने दगा दिला, तर जूनसाठी हातात काही उरत नाही. म्हणून ते राखून ठेवण्यासाठी अधिकारी अडून बसतात. शहराला तो हट्ट वाटतो, पण अशा वेळी बहुधा अधिकाऱ्यांचेच बरोबर असते.