कोरियातली 'सांभाळणारी आई' : दत्तक गेलेली मुलं सोलला जाऊन आधी तिलाच का भेटतात

अमेरिकेत किंवा डेन्मार्कमध्ये वाढलेला कोरियन चेहऱ्याचा मुलगा सोलला येतो, एका ऑफिसच्या खोलीत साठी-सत्तरीची बाई त्याची वाट बघत बसलेली असते, आणि तो आत आल्या आल्या ती त्याचे गाल धरून रडायला लागते. असे व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिले असतील. खाली कमेंटमध्ये 'आई शेवटी भेटली' वगैरे लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा ती जन्मदाती नसतेच, फॉस्टर आई असते. म्हणजे विमानात बसवेपर्यंत काही महिने बाळ ज्या घरात होतं त्या घरातली बाई. मग हीच का सापडते, जन्म देणारी का नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कोरियन युद्ध १९५३ ला थांबलं तेव्हा देश उद्ध्वस्त होता. अनाथ मुलं होतीच, शिवाय परदेशी सैनिकांपासून झालेली मुलं होती आणि एक देश एक वंश असं बोलणाऱ्या तेव्हाच्या सरकारला ती मुलं देशात नकोच होती. १९५५ मध्ये ओरेगनचे हॅरी होल्ट आणि त्यांची बायको बर्था यांनी आठ कोरियन मुलं दत्तक घेतली (घरची सहा होतीच!). त्यासाठी अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करावा लागला. पेपरात फोटो आले, पत्रांचा पाऊस पडला आणि त्यातून होल्टची दत्तक संस्था उभी राहिली. सुरुवातीला चार्टर विमानांनी एकदम ढिगाने मुलं जायची आणि आईबाप व्हायला निघालेल्या जोडप्याने कोरिया पाहिलेलाही नसायचा, कागदावर सही करायची आणि अमेरिकेतल्या विमानतळावर बाळ ताब्यात घ्यायचं.

अनाथालयांच्या मोठ्या हॉलमध्ये ओळीने ठेवलेली तान्ही बाळं जगत नव्हती, आजारी पडत होती, त्यामुळे साठच्या दशकाच्या मध्यापासून त्यांना साध्या घरांत ठेवायला सुरुवात झाली. दूध पावडर, डायपर, कपडे संस्था द्यायची, डॉक्टर संस्थेचा आणि वर थोडासा भत्ता. करणाऱ्या बहुतेक मध्यमवयीन बायका, स्वतःची मुलं शाळेत गेलेली. बाळाला पोदेगीत, म्हणजे त्यांच्याकडच्या रुंद कापडात, पाठीवर बांधून ह्या बाजारात जायच्या, रात्री उबदार जमिनीवर शेजारी घेऊन झोपायच्या. बाळ शंभर दिवसांचं झालं की कोरियात सोहळा असतो, तोही फॉस्टर घरातच, फोटो काढून. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांकडे कोरियातला एवढाच एक फोटो आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकात युद्ध कधीच संपलेलं होतं, देश कारखान्यांवर श्रीमंत होत होता तरी मुलं जाणं वाढतच गेलं. आता ती बहुतेक अविवाहित आयांची होती, त्यात कारखान्यात कामाला आलेल्या पोरी पुष्कळ. लग्नाशिवाय मूल म्हणजे घराण्याच्या नोंदवहीत डाग, सरकारी मदत जवळपास शून्य आणि परदेशी कुटुंबाकडून दर मुलामागे दत्तक देणाऱ्या एजन्सीला पैसे, मग काय होणार. १९८५ हे सगळ्यात जास्तीचं वर्ष, साडेआठ हजारांहून जास्त मुलं एका वर्षात. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला आलेल्या अमेरिकन पत्रकारांनी 'बाळांची निर्यात' म्हणून छापलं तेव्हा सरकारला लाज वाटली आणि आकडे खाली यायला लागले. मुलांसाठी नाही, इज्जतीसाठी, असं माझं मत.

आता कागदांचं. मूल लवकर पाठवता यावं म्हणून कित्येकांची स्वतंत्र 'अनाथ' नोंद बनवली जायची. आईबाप जिवंत, पत्ता माहीत, तरी कागदावर सापडलेलं मूल. याहून वाईट म्हणजे एखादं बाळ दगावलं किंवा घरच्यांनी परत नेलं तर त्याच्याच कागदांवर दुसरं बाळ पाठवायचं. २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मंडळींनी अर्ज केला, मग जुन्या अन्यायांची चौकशी करणाऱ्या कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने ११ देशांतल्या ३६७ तक्रारी घेतल्या आणि मार्च २०२५ मध्ये पहिल्या ५६ जणांच्या बाबतीत मानवी हक्कांचा भंग झाल्याचं मान्य करून सरकारनेही जबाबदारी घ्यावी असं सांगितलं. १९५५ ते १९९९ या काळात १ लाख ४० हजारांहून जास्त मुलं बाहेर गेली, एरवी सगळीकडे आजवरचा एकूण आकडा दोन लाख म्हणतात. २०२५ च्याच ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्यंग यांनी माफी मागितली. माफी त्याआधीही झालेली, १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी दत्तक गेलेल्या काही जणांना घरी बोलावून मागितली होती.

अशा फायलीत खरी माहिती कोणती आणि खोटी कोणती कळत नाही. शिवाय जन्मदातीची माहिती तिच्या संमतीशिवाय मिळत नाही, आणि तिने नवऱ्याला, नंतरच्या मुलांना काहीच सांगितलेलं नसेल तर पत्राला उत्तर द्यायची तिची हिंमतच होत नाही. फॉस्टर आईचं तसं नाही, ती एजन्सीच्या ओळखीतली, लपवण्यासारखं काही नाही, तिला फोन केला की ती फळं घेऊन हजर! वर तिला आठवतंही, हा दूध पिताना कान ओढायचा, हिला सर्दी व्हायची, असलं बारीकसारीक. जन्मापासून विमानापर्यंतचे महिने ज्याच्या फाइलमध्ये दोन ओळींत उरकलेत त्याच्यासाठी तेवढी एकच साक्षीदार.

आणि गंमत म्हणजे (गंमत म्हणू नये खरं) प्रत्येक सुधारणेने हा फॉस्टर काळ लांबवला. पूर्वी चार-सहा महिन्यांत मूल जायचं. २००७ पासून नियम आला की आधी पाच महिने देशातच पालक शोधायचे. २०१२ च्या कायद्याने आईला जन्मानंतर सात दिवस विचाराला दिले, जन्मनोंद सक्तीची केली, कोर्टाचा आदेश लागायला लागला. सगळं योग्यच. पण मूल आता दीड-दोन वर्षांचं होऊन निघायला लागलं, म्हणजे चालणारं, बोलणारं, त्या बाईला 'ओम्मा' (आई) म्हणणारं. निरोपाच्या दिवशी त्या मुलाचं काय होतं आणि त्या घरातल्या मोठ्या भावंडांचं काय होतं ह्याचा विचार नियम करताना कुणी केला होता असं दिसत नाही. त्यामुळे अलीकडे गेलेल्यांच्यात संपर्क तुटतच नाही, नवे आईबाप व्हिडिओ पाठवतात, मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याला घेऊन सोलला जातात. जुन्या पिढीसारखं तीस वर्षं थांबत नाहीत.

आपल्याकडे पुण्यातली भारतीय समाज सेवा केंद्र ही दत्तक संस्था होल्टशी जोडलेली, तेव्हा हा धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. भारतात १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशी दत्तकाला नियम घातले म्हणून सगळे प्रश्न सुटले असं नाही, पुण्याहून जर्मनीत गेलेल्या एकाला जन्मदात्या आईचा शोध लावायला इथल्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

कोरियात जुलै २०२५ पासून दत्तकाचं काम खाजगी एजन्सींकडून सरकारकडे गेलंय आणि जुन्या फायलीही सरकारी केंद्राकडे द्यायच्या आहेत. २०२० पासून परदेशातल्या काही कोरियन वकिलातींत डीएनए नमुना देता येतो, त्यातून जन्मदाते सापडलेही आहेत. फॉस्टर आईसाठी मात्र डीएनएचा काडीचा उपयोग नाही, रक्ताचं नातंच नाही ना. तिथे लागतं फायलीतलं नाव, नाहीतर तेव्हाची एखादी समाजसेविका जिला आठवतंय की अमुक बाळ अमक्या बाईकडे होतं. ऐंशीच्या दशकात बाळं सांभाळलेल्या बायका आता सत्तर-ऐंशीच्या आहेत, त्यामुळे ज्यांना भेटायचंय ते जन्मदातीच्या उत्तराची वाट न बघता आधी फॉस्टर आईला भेटण्याचा अर्ज टाकतात.