सर्व्हिसबुक अर्धवट असलेली एअर-कूल्ड पोर्शे ९११: जर्मनीत ‘एच’ नंबरसाठी पात्रता, कागदपत्रं आणि खरेदीआधीची तपासणी

गाडी पसंत पडली, पत्रा ठीक दिसतोय, पण सर्व्हिसबुकात मधल्या दहा-बारा वर्षांचा एकही शिक्का नाही. जर्मनीत जुनी ९११ बघणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. म्हणून आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: सर्व्हिसबुक हे सरकारी कागदपत्र नाही. नोंदणी कार्यालय ते मागत नाही आणि ‘एच’ नंबरसाठी, म्हणजे जपलेल्या जुन्या गाडीला मिळणाऱ्या ‘एच’ अक्षराच्या खास नंबरप्लेटसाठी, गाडी तपासणारा परीक्षकही मागत नाही. त्याची उणीव किमतीत आणि इंजिनाच्या तपासणीत भरून काढता येते. मालकीचा कागद किंवा चासी नंबर यांत खोट असेल, तर मात्र सर्व्हिसबुक शिक्क्यांनी भरलेलं असूनही गाडी रस्त्यावर येणार नाही.

कोणती गाडी पात्र

जर्मन नियमानुसार गाडीची पहिली नोंदणी होऊन किमान ३० वर्षं झालेली असावीत, ती बऱ्यापैकी मूळ स्वरूपात असावी आणि चांगल्या स्थितीत जपलेली असावी. (भारतात २०२१च्या व्हिंटेज नियमांत हीच मर्यादा ५० वर्षांची आहे, त्यामुळे इथला हिशोब तिथे लावू नका.) एअर-कूल्ड ९११ १९६४ ते १९९८ या काळात बनली. ३० वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. १९९८च्या वसंतात नोंदवलेल्या ९९३ला, म्हणजे शेवटच्या एअर-कूल्ड पिढीच्या ९११ला, २०२८च्या वसंतापर्यंत थांबावंच लागेल.

‘मूळ स्वरूप’ या शब्दांवरून सर्वांत जास्त वाद होतात. पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांत ज्या प्रकारचे बदल त्या मॉडेलवर प्रचलित होते, ते साधारणपणे चालतात. त्या काळच्या फुक्स कंपनीच्या चाकांना कुणी हरकत घेत नाही. आजच्या काळातली अठरा इंची चाकं, एलईडी हेडलाइट किंवा १९८६च्या सांगाड्यावर १९७३चा चेहरा चढवलेली गाडी असेल, तर पैसे देण्याआधी तिचे फोटो परीक्षकाला दाखवून विचारा. दुसऱ्या एखाद्या गाडीला मिळाला म्हणून आपल्यालाही ‘एच’ मिळेल, हा हिशोब धरू नका.

‘एच’ मिळाला की कर सरसकट वर्षाला १९१.७३ युरो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या ३.२ करेरा या मॉडेलच्या ९११ला, म्हणजे ३१६४ सीसीला, नेहमीच्या दराने दर १०० सीसीला २५.३६ युरोप्रमाणे ८११.५२ युरो पडतात. शिवाय स्टुटगार्टसारख्या शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रात, म्हणजे कमी धुराच्या गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागात, हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं.

मालकीचे पेपर

जर्मन गाडीचे दोन कागद असतात. भाग १ गाडीत ठेवायचा, तो म्हणजे फारत्सॉयगशाइन. भाग २ घरी जपायचा, तो म्हणजे फारत्सॉयगब्रीफ. खरेदीच्या वेळी दोन्ही मूळ प्रती हातात घ्या आणि चासी नंबर अक्षर न् अक्षर पडताळा. विकणाऱ्याचं नाव ब्रीफवर नसेल, तर ब्रीफवरच्या माणसापासून त्याच्यापर्यंतचे विक्रीकरार किंवा अधिकारपत्र मागा.

ब्रीफ हरवला असेल तर नोंदणी कार्यालयात प्रतिज्ञेवर जबाब द्यावा लागतो, हरवल्याची जाहीर सूचना निघते आणि नवा ब्रीफ त्यानंतरच मिळतो. यात आठवडे जातात. हे काम विकणाऱ्याचं आहे. नवा ब्रीफ हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका, आणि ‘तुम्हीच करून घ्या, किंमत कमी करतो’ या बोलण्याला भुलू नका.

सर्व्हिसबुक नसलेल्या गाडीसाठी आणखी एक कागद फार कामाचा असतो, तो म्हणजे रद्द केलेला जुना ब्रीफ. २००५च्या ऑक्टोबरपासून नवे दोन भाग सुरू झाले, तेव्हा जुने ब्रीफ रद्दचा शिक्का मारून, मागणाऱ्यांना परत दिले गेले. त्यावर आधीच्या मालकांची नावं, पत्ते आणि तारखा सलग सापडतात. नव्या भागात मालकांची फक्त संख्या आणि शेवटची एक-दोन नावं कळतात. विकणाऱ्याच्या फायलीत हा जुना कागद आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

भारतातल्या आरसीवर इंजिन नंबर असतो, तसा तो जर्मन नोंदणीपत्रावर नसतो. त्यामुळे मधे कधी इंजिन बदललं असेल तर पेपर तपासून ते कळणार नाही. मूळ इंजिन नंबर, मूळ रंग आणि कारखान्यातून आलेले पर्याय यांची माहिती पोर्शेच्या क्लासिक विभागाकडून मालकाला मागवता येते. खरेदी पक्की होण्याआधी विकणाऱ्यालाच ती मागवायला सांगा.

चासी नंबर

९११ची डिकी पुढे असते. कार्पेट उचला, पेट्रोलच्या टाकीजवळ पत्र्यावर नंबर ठोकलेला दिसेल. टॉर्च तिरकी धरून बघा. अक्षरांची खोली आणि अंतर सारखं हवं, भोवती घासल्याच्या रेघा नकोत आणि त्या पत्र्याच्या कडेने वेल्डिंगची उंच कड हाताला लागायला नको. अपघातानंतर पुढचा भाग बदलताना हा पत्रा कापून बसवलेला असू शकतो. तसं असेल तर त्या कामाचे अधिकृत कागद लागतात.

१९८१ मॉडेलपासून नंबर १७ अक्षरी झाला. चौथ्या ते सहाव्या जागी तीन झेड असतील तर गाडी अमेरिका-कॅनडाबाहेरच्या बाजारासाठी बनलेली आहे. दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: बी म्हणजे १९८१, ई म्हणजे १९८४, के म्हणजे १९८९. जाहिरातीत ‘मूळची जर्मन गाडी’ लिहिलेलं आणि तीन झेडच्या जागी दुसरी अक्षरं, असं दिसलं तर गाडी मुळात अमेरिका-कॅनडाच्या बाजारासाठी बनलेली आहे.

अमेरिकेतून स्वतः आणणार असाल तर मूळ टायटल (अमेरिकेतला मालकीचा कागद), जकात भरल्याचा दाखला आणि इथे पूर्ण तांत्रिक तपासणी, एवढं लागतं. ३० वर्षांहून जुनी, चासी, ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन मूळ राहिलेली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून मान्य झाली, तर जकात लागत नाही आणि आयातीवरचा विक्रीकर ७ टक्के पडतो. मान्य झाली नाही, तर १० टक्के जकात आणि त्यावर १९ टक्के. हेडलाइट, इंडिकेटर आणि मैलांचा स्पीडोमीटर बदलण्याचा खर्च वेगळा धरा.

हरवलेला इतिहास कसा उभा करायचा

दर दोन वर्षांनी होणाऱ्या मुख्य तपासणीच्या, म्हणजे आपण सरसकट ‘ट्यूफ’ म्हणतो त्या, अहवालावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. पाच-सहा अहवाल तारखेनुसार मांडले की ओडोमीटर खरा की खोटा ते दिसतं. जुन्या मॉडेलांत ओडोमीटरला पाचच आकडे असतात, म्हणजे ६८,००० दाखवणारी गाडी १,६८,००० चाललेली असू शकते. एससी आणि ३.२ करेरा या मॉडेलांत ओडोमीटरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तुटतं. स्पीडोमीटरचा काटा हलत राहतो पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत. चाचणीच्या फेरीत आकडा बदलतो का, तेवढं नक्की बघा.

सर्व्हिसबुकात एखाद्या गॅरेजचा शिक्का असेल तर तिथे विचारा. मात्र डेटा संरक्षणामुळे मालकाच्या लेखी संमतीशिवाय ते काही सांगणार नाहीत, म्हणून विकणाऱ्याकडून तीन ओळींचं संमतीपत्र घ्या. गॅरेज जुनी बिलं कायमची ठेवत नाहीत, तेव्हा अलीकडच्या आठ-दहा वर्षांपासून उलटं मागे जा.

कागद नसतील तिथे इंजिन बोलतं

ही तपासणी एअर-कूल्ड ९११ रोज हाताळणाऱ्या गॅरेजमध्येच करून घ्या. विकणारा तयार नसेल तर ती गाडी सोडा.

प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (बंद सिलिंडरमधून किती हवा गळते) तपासून आकडे लेखी घ्या. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २० टक्क्यांच्या पुढे गेली तर इंजिन उघडावं लागेल असं धरूनच भाव करा. सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं एखाद्या चांगल्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

पुढे मॉडेलनुसार बघायचं. १९७४ ते ७७च्या २.७ लिटर इंजिनात क्रँककेस मॅग्नेशियमची आहे. उष्णतेने सिलिंडर हेडचे स्टड तिच्यातून उपटून येतात. तिथे धातूचे इन्सर्ट बसवल्याचं बिल नसेल, तर ते काम बाकी आहे असंच समजा. ३.० लिटर इंजिनापासून क्रँककेस अॅल्युमिनियमची झाली, पण डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड तुटू लागले. मेकॅनिकने खालचं व्हॉल्व्ह कव्हर उघडलं की तुटलेल्या स्टडचा नट त्यात पडलेला मिळतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, चुकवू नका. १९८३पर्यंतच्या गाड्यांत टायमिंग चेनचे टेन्शनर दगा देतात. १९८४पासून ते तेलाच्या दाबावर चालणारे झाले आणि जुन्या इंजिनांवरही बसवता येतात. चेनच्या कव्हरकडे जाणारी तेलाची बारीक नळी दिसली तर काम झालेलं आहे. के-जेट्रॉनिक (बॉशची यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन) असलेल्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करताना बॅकफायर झाला की प्लॅस्टिकचा एअरबॉक्स फुटतो, त्यावर दाब सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह आहे का बघा. ३.२ निळा धूर काढत असेल तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत.

तेल बघण्याची रीतही वेगळी आहे. ड्राय संप असल्याने तेल वेगळ्या टाकीत असतं. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गरम आणि आयडलवर चालू असतानाच डिपस्टिक खरं सांगते. थंड इंजिनावर कोरडी डिपस्टिक बघून कुणी वरून तेल ओततं आणि मग जास्तीचं तेल एअर क्लीनरमध्ये शिरतं. एअर क्लीनर तेलाने माखलेला दिसला तर आधी हा प्रश्न विचारा. ९९३ सोडून बाकी सगळ्यांना व्हॉल्व्ह क्लिअरन्स हाताने लावावा लागतो, थंड इंजिनावर ०.१० मिमी. तो शेवटी कधी लावला याचं उत्तर विकणाऱ्याला देता आलं नाही, तर ती सर्व्हिस आपल्या खर्चात धरा.

गंजासाठी बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या सस्पेन्शनचे जोड, दाराखालच्या पट्ट्या आणि विंडस्क्रीनची चौकट बघा. १९७६ मॉडेलपासून पूर्ण बॉडीला जस्ताचा थर आला, पण अपघातानंतर बदललेल्या आणि पुटी भरलेल्या पत्र्याला त्याचा उपयोग नाही. पत्र्यावर फिरवायचं जाडीमापक यंत्र इथे कामी येतं.

करार, तपासणी, नोंदणी

जाहिरातीतलं ‘अपघातमुक्त’, ‘मूळ इंजिन’, ‘किलोमीटर खरे’ हे सगळं करारात लिहून घ्या. खासगी विक्रीत दोषांची जबाबदारी करारात बहुधा वगळलेली असते. जे करारात लिहिलेलं नाही, त्यावर पुढे भांडणं कठीण जातं.

त्यानंतर ट्यूफ, डेक्रा, जीटीयू किंवा केयूएस या तपासणी संस्थांकडे जर्मन वाहन नियमावलीच्या §२३ नुसार ओल्डटाइमर अहवाल (‘एच’साठी लागणारा) आणि मुख्य तपासणी एकाच भेटीत करून घेता येते. मुख्य तपासणीत मोठा दोष निघाला तर ‘एच’ही अडकतो, म्हणून ब्रेक होज, हँडब्रेक आणि तेलगळती आधीच निस्तरा. १ जुलै १९६९च्या आधी नोंदवलेल्या पेट्रोल गाडीला धुराची चाचणी नसते.

राहत्या पत्त्याच्या नोंदणी कार्यालयात न्यायचं ते असं: दोन्ही भाग, ओल्डटाइमर अहवाल, मुख्य तपासणीचा अहवाल, इन्शुरन्स कंपनीने दिलेला सात अक्षरी ईव्हीबी क्रमांक, कर कापण्यासाठी बँक खात्याचं सेपा संमतीपत्र आणि जुन्या नंबरप्लेट. भारतीय पासपोर्ट असेल तर सोबत पत्त्याचा नोंदणी दाखला न्या, कारण पासपोर्टवर जर्मन पत्ता नसतो. क्लासिक इन्शुरन्स देणाऱ्या कंपन्या बहुधा गाडीचं मूल्यांकन आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी मागतात. ते मूल्यांकन आधीच करून घेतलं, तर ईव्हीबीसाठी थांबावं लागत नाही.

नंबरप्लेटवर शेवटच्या ‘एच’सकट जास्तीत जास्त आठ चिन्हं बसतात. बोब्लिंगेनच्या ‘बीबी’पुढे दोन अक्षरं घेतली की तीनच आकडे उरतात. फक्त एप्रिल ते ऑक्टोबर चालवणार असाल तर हंगामी ‘एच’ नंबर घ्या. २०१७पासून ही सोय आहे आणि कर तेवढ्याच महिन्यांचा लागतो, पण हंगामाबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. आणि नवीन आलेल्यांसाठी: गाडी नावावर करायला लायसन्स लागत नाही, मात्र इथे राहायला आल्यापासून सहा महिन्यांनी भारतीय लायसन्सवर ती चालवता येत नाही. तोवर जर्मन लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दिलेली हवी.