सजीवांच्या वर्गीकरणात पेशी केव्हा आली?

रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापातल्या रिकाम्या कप्प्यांचे वर्णन १६६५ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांतच लेव्हेनहूकला पाण्याच्या थेंबात हालचाल करणारे सूक्ष्मजीव दिसले. तरीही १७३५ मध्ये कार्ल लिनीअसने सजीवांची वनस्पती आणि प्राणी अशा दोन सृष्टींत मांडणी केली, तेव्हा पेशीचा विचार त्यात कुठेच नव्हता. पुढे सूक्ष्मजीवांसाठी त्याने कृमींच्या वर्गात ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, नावाची प्रजाती ठेवली. नाव मोठे प्रामाणिक म्हणायचे.

श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असल्याचे मांडल्यावर ही विभागणी डळमळू लागली. युग्लीना या एकपेशीय जीवाचेच पाहा: हरितलवके असल्यामुळे तो उजेडात स्वतःचे अन्न तयार करतो, पण त्याला पेशीभित्तिका नाही, तो कशाभिकेच्या, म्हणजे चाबकासारख्या शेपटीच्या, साहाय्याने पोहतो आणि अंधारात भोवतालच्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ शोषून जगू शकतो. साहजिकच वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ दोघेही त्याला आपल्याच यादीत घालत. अशा जीवांसाठी हेकेलने १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली. मात्र जीवाणूही त्याने तिच्यातच ठेवले.

खरी दरी होती ती केंद्रकाची. जीवाणूंच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते, हा भेद स्टॅनियर आणि व्हान नील यांनी १९६२ मध्ये ठसठशीतपणे मांडला. व्हिटाकरच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत आदिकेंद्रकी, म्हणजे असे केंद्रक नसलेले, जीव मोनेरा या सृष्टीत गेले आणि कवकांना, म्हणजे बुरशी-अळंब्यांना, स्वतंत्र सृष्टी मिळाली, कारण ती प्रकाशसंश्लेषण करत नाहीत, तर अन्न शरीराबाहेर पचवून मग शोषून घेतात. पाठ्यपुस्तकांत आजही बहुधा हीच पद्धत भेटते.

कार्ल वोसने मात्र पेशीचे रूप बाजूला ठेवून रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांमधल्या, आरएनएचे तुकडे ताडून पाहिले. मिथेन निर्माण करणारे काही सूक्ष्मजीव दिसायला जीवाणूंसारखेच असले, तरी त्यांचा आरएनए जीवाणूंशी जुळेना. त्याने आणि जॉर्ज फॉक्सने १९७७ मध्ये हा निष्कर्ष जाहीर केला आणि १९९० मध्ये जीवाणू, आर्किया (हे वेगळे निघालेले सूक्ष्मजीव) व दृश्यकेंद्रकी (पटलाने वेढलेले केंद्रक असलेले जीव) अशी तीन अधिक्षेत्रे, म्हणजे सृष्टींच्याही वरचे गट, मांडली गेली. लिनीअसच्या दोन्ही सृष्टी आता यांपैकी एकाच अधिक्षेत्रात मोडतात, आणि त्याने वनस्पतींत घातलेली कवके वंशवृक्षावर प्राण्यांच्या अधिक जवळ बसतात.