‘आईसारखी ओरडते’ की ‘आई सारखी ओरडते’?

भाची शिकायला पुण्याला गेली. रूममेट कशी आहे म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, ‘आई सारखी ओरडते!’ मी लगेच ताईला फोन लावला. म्हटलं, लेकरू एवढं लांब राहतंय, कशाला सारखं बोलतेस तिला? ताई थक्क. चार दिवसांत तिने पोरीला फोनसुद्धा केला नव्हता. पोरीला म्हणायचं होतं, रूममेट आईसारखी ओरडते. मधली एक मोकळी जागा नडली.

साम्य दाखवणारा ‘सारखा’ शब्दयोगी अव्यय. तो मागच्या शब्दाला चिकटूनच लिहायचा: माझ्यासारखा, साखरेसारखं. (म्हणायला अव्यय, पण सारखा-सारखी-सारखं असा खुशाल बदलतो.) ‘सतत’ या अर्थाचा ‘सारखा’ मात्र सुटा: दार सारखं वाजतंय, बाळ सारखं रडतंय.

शब्दाचं मूळ साम्याचंच. संस्कृत ‘सदृक्ष’, जुन्या मराठीत ‘सारिखा’. मग त्यात ‘सतत’ कुठून आलं? मला वाटतं, ‘एकसारखा’कडे बघावं. एकसारख्या बांगड्या म्हणजे एकीत न् दुसरीत फरक नाही. एकसारखा पाऊस म्हणजे मध्ये खंड नाही. चादर ‘सारखी’ करतो तेव्हाही चुण्याच घालवतो की.

बहुतेक वेळा घोटाळा होतच नाही, कारण सामान्यरूप आड येतं. ‘मुलगा सारखा रडतो’ आणि ‘मुलासारखा रडतो’ यांत ‘मुलगा’चा ‘मुला’ झाला की पुढचा ‘सारखा’ साम्याचाच. पण आई, आजी, मावशी हे शब्द बदलत नाहीत. हल्ली नावंही बदलत नाहीत. जुनी माणसं ‘सुरेशासारखा’ म्हणायची, आता ‘सुरेशसारखा’. तिथे सगळी भिस्त त्या जागेवर. बोलताना आवाज सांभाळून घेतो: ‘सतत’ म्हणायचं असेल तर जोर ‘सारखी’वर पडतो. फोनचा कीबोर्ड मात्र सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपणहून जागा सोडतो, आणि ती पुसायचा कंटाळा सगळ्यांनाच.

शंका वाटली तर ‘सारखी’ऐवजी सरळ ‘सतत’ लिहावं. ‘आई सतत ओरडते’ याचा दुसरा अर्थ निघत नाही.

हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं. भाचीचा लगेच मेसेज: ‘मावशी सारखी शिकवते!’ या वेळी जागा बरोबर सोडली होती.