लिव्हरच्या रिपोर्टमधलं ‘एएनए पॉझिटिव्ह’: एका तपासणीची पार्श्वभूमी

खानदेशात कुणाला कावीळ झाली की कारण आधीच ठरलेलं असतं. पावसाळा असेल तर दूषित पाणी, पिणारा असेल तर दारू, आणि रुग्ण सातपुड्याच्या पाड्यावरचा असेल तर सिकलसेल. हे अंदाज उगाच बांधलेले नाहीत, बऱ्याचदा यातलंच एक निघतं. पंचाईत होते ती यातलं काहीच लागू न पडणाऱ्या रुग्णाची. चाळिशीतली बाई, दारूचा थेंब नाही, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह, तरी एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचं सांगणारा रक्तातला आकडा) महिनोन्‌महिने चढलेलंच. अंगात त्राण नाही, सांधे धरलेले. मग जळगाव-धुळ्याचे डॉक्टर ‘ऑटोइम्यून लिव्हर प्रोफाइल’ लिहून देतात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलीय का हे पाहणारी तपासणी. रक्त मुंबई-पुण्याच्या लॅबला जातं आणि काही दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ येते: एएनए पॉझिटिव्ह, एएसएमए पॉझिटिव्ह, एएमए निगेटिव्ह. ही शरीराच्या स्वतःच्याच भागांविरुद्ध बनलेल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) नावं. घरातला शिकलेला मुलगा एएनए शोधतो, त्याच्यासमोर ‘ल्यूपस’ हे अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या एका आजाराचं नाव येतं आणि घरात रडारड सुरू होते.

नेमका हाच घोटाळा सत्तर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचाही झाला होता.

शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटेल ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकाला मानवत नव्हती. शरीर असा आत्मघात टाळतं, असं पाउल एर्लिख यांनी मांडलं होतं. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याचा अर्थ ‘असं घडतच नाही’ असा घेतला आणि पुढची कित्येक दशकं या दिशेने फारसं कुणी पाहिलं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज यांना ल्यूपसच्या रुग्णांत एक विचित्र पेशी दिसली: दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली पांढरी पेशी. तिला एलई सेल म्हणू लागले. १९५० मध्ये स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधल्या एका चिवट यकृतदाहाचं वर्णन केलं. त्यांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडं ज्यांत मोडतात ती प्रथिनं) अफाट वाढलेलं असे. मग १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात जोस्के आणि किंग यांना अशाच यकृतरुग्णांच्या रक्तात चक्क एलई सेल सापडल्या. पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या इयन मॅके आणि सहकाऱ्यांनी या आजाराला नाव दिलं ‘ल्यूपॉइड हिपॅटायटिस’, म्हणजे ल्यूपससारखा यकृतदाह. आज त्यालाच ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात.

या बायकांना ल्यूपस नव्हता. पण नाव पुढे बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकलं आणि गैरसमजही त्याच्यासोबत टिकला. तरी मॅके यांच्या कामाचं मोल कमी होत नाही. यकृताचा जुनाट आजार प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी टेबलावर आणून ठेवली.

एलई सेल शोधणं किचकट होतं. खरी गती आली ती इम्युनोफ्लुरोसन्समुळे. उंदराच्या यकृताचे, मूत्रपिंडाचे आणि जठराचे पातळ काप एकाच काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर रुग्णाचं सिरम टाकायचं, मग चमकणारं रसायन जोडलेलं दुसरं प्रतिपिंड. सूक्ष्मदर्शकाखाली कुठला भाग हिरवा चमकतो ते पाहायचं. तीनच अवयव का, याला कारण आहे. केंद्रकं चमकली तर एएनए. जठराच्या भिंतीतला स्नायू चमकला तर एएसएमए. मूत्रपिंडाच्या नलिका आणि जठराच्या आम्ल स्रवणाऱ्या पेशी चमकल्या तर एएमए. यकृतपेशी आणि मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या नलिका चमकल्या, पण जठर काळंच राहिलं, तर एलकेएम. एका नजरेत चार प्रश्नांची उत्तरं मिळतात, फक्त नजर तयार हवी. एएमए आणि एलकेएम यांची गल्लत आजही होते, आणि त्यांच्यामागचे दोन आजार व त्यांची औषधं अगदी वेगळी आहेत.

१९६५ हे या कथेतलं सगळ्यात भरगच्च वर्ष. जॉन्सन, होल्बोरो आणि ग्लिन यांनी यकृतरुग्णांच्या सिरममध्ये स्नायूविरोधी प्रतिपिंड दाखवलं. त्याच वर्षी लंडनमध्ये वॉकर, डोनियाक, रॉइट आणि शेरलॉक यांनी दाखवलं की ‘प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिस’ या पित्तनलिकांच्या आजारात पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाविरुद्ध प्रतिपिंड सापडतं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत बरूच ब्लमबर्ग यांनी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची नोंद केली. तो हिपॅटायटिस बी विषाणूचा भाग आहे, हे थोड्या वर्षांनी कळलं. माझ्या मते या तिसऱ्या शोधाने पहिल्या दोघांना अर्थ दिला. तोवर विषाणूचा, औषधाचा आणि प्रतिकारशक्तीचा यकृतदाह ‘क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह हिपॅटायटिस’ या एकाच गाठोड्यात बांधलेला होता. बी वेगळा काढता आला, १९८९ मध्ये सी ओळखता आला, तेव्हा कुठे उरलेल्यांचा चेहरा स्पष्ट झाला. मधल्या काळात, १९७१ मध्ये, शेरलॉक यांच्याच गटाने स्टेरॉइडमुळे या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे चाचणीतून दाखवलं होतं. त्यामुळे निदान ही चर्चेपुरती गोष्ट राहिली नव्हती. वेळेत ओळखलं तर माणूस वाचत होता.

या सगळ्यांत एएमएचं वजन वेगळं आहे. पित्तनलिकांच्या या आजारात ते सुमारे ९० ते ९५ टक्के रुग्णांत सापडतं. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम रक्तात दीर्घकाळ वाढलेलं असेल, एएमए १:४० (म्हणजे सिरम चाळीस पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) किंवा त्याहून जास्त असेल आणि सोनोग्राफीत नलिका तुंबलेल्या नसतील, तर बहुतेकदा बायोप्सीवाचून निदान करता येतं. १९८७ मध्ये एरिक गर्शविन यांच्या गटाने त्याच्या लक्ष्य-प्रथिनाचं जनुक वेगळं केलं आणि वर्षभरात ते पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइम-संकुलाचा भाग असल्याचं कळलं. पूर्वी हे रुग्ण सिऱ्होसिस झाल्यावरच, म्हणजे यकृत निबर होऊन गेल्यावरच, सापडायचे. आता अंगाची खाज घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे गेलेली बाई एका रक्ततपासणीत वेळेवर हाती लागू शकते. म्हणूनच अलीकडे आजाराच्या नावातून ‘सिऱ्होसिस’ काढून ‘कोलँजायटिस’ घातलं गेलं. मात्र एएमएचा आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असं गणित नाही. धोक्याचा अंदाज घ्यायचा तर जीपी२१० हे दुसरं प्रतिपिंड जास्त कामाचं. ते असलेल्यांचा आजार जास्त बिघडण्याकडे झुकतो.

एलकेएम १९७३ मध्ये रिझेटो, स्वाना आणि डोनियाक यांनी नोंदवलं. ते बहुधा लहान मुलांत आणि किशोरांत दिसतं, आणि त्यातून ‘टाइप २’ ऑटोइम्यून हिपॅटायटिस वेगळा ओळखला गेला. त्याचं लक्ष्य सीवायपी२डी६, म्हणजे औषधं पचवणारं यकृतातलं एक एन्झाइम. हिपॅटायटिस सीच्या काही रुग्णांतही ते सापडतं, त्यामुळे विषाणूची तपासणी चुकवून चालत नाही. एसएलए या प्रतिपिंडाची गोष्ट आणखी निराळी: ते काचपट्टीवर दिसतच नाही, त्याला एलिसा किंवा ब्लॉट या वेगळ्या चाचण्या लागतात. पण सापडलं तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस जवळजवळ नक्की, आणि औषध थांबवल्यावर तो उलटण्याची शक्यताही जास्त. ‘कारण अज्ञात’ असा शिक्का बसलेल्या काही रुग्णांचं निदान त्याने बदललं. पीएएनसीए या प्रतिपिंडाबद्दल मात्र फार लिहिण्यासारखं नाही. ते स्क्लेरोझिंग कोलँजायटिस या पित्तनलिकांच्या दुसऱ्या आजारात आढळतं खरं, पण निदान एमआरसीपीवरच, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयवरच होतं.

आता पीडीएफमधल्या त्या आकड्याकडे वळू. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी माणसांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत एएनए १:४० ला पॉझिटिव्ह आलं होतं, १:१६० ला साधारण ५ टक्क्यांत. फॅटी लिव्हर असलेल्यांत, आणि आपल्याकडे मधुमेहामुळे ते थोडेथोडके नाहीत, कमी टायटरचं (थोडं पातळ केलं की न दिसणारं) एएनए सर्रास निघतं. शिवाय एक लॅब उंदराचे काप वापरते, दुसरी एचईपी-२ ही मानवी पेशी. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं की कमी झालं’ ठरवणं निरर्थक. मोठ्यांमध्ये टायटर पुन्हा पुन्हा तपासूनही फारसं काही हाती लागत नाही. उपचार लागू पडतोय का, हे एसजीपीटी आणि आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) सांगतात. मुलांत टायटर आजाराच्या जोराबरोबर खालीवर होतं, तिथे ते पाहावं.

हा गोंधळ आवरायला तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने १९९३ मध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या निदानाची गुणपद्धत मांडली, १९९९ मध्ये सुधारली आणि २००८ मध्ये सोपी केली. सोप्या पद्धतीत प्रतिपिंडांना जास्तीत जास्त २ गुण, आयजीजीला २, बायोप्सीला २ आणि विषाणू नसल्याला २. सहा झाले तर आजार संभवतो, सात किंवा जास्त असतील तर निश्चित. म्हणजे नुसत्या एएनएवर कुणी निम्म्यातही पोहोचत नाही. उलट, सुरुवातीला एकही नेहमीचं प्रतिपिंड न सापडणारे खरे रुग्णही असतात. म्हणून बायोप्सीसाठी नाशिक-मुंबईला पाठवणाऱ्या डॉक्टरवर ‘पैसे काढतो’ म्हणून चिडण्याआधी हे गणित डोळ्यांखालून घालावं. स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं अनेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. ती सुरू करण्याआधी टीबी आणि जुना हिपॅटायटिस बी तपासून घेणं आपल्या भागात तर अटळच आहे.

अलीकडचा एक अध्याय खास आपल्याकडचा. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा चालू होता. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात ऑटोइम्यून आजारासारखी लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वनस्पती नीट ओळखलेली नव्हती, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून तशाच आणखी रुग्णांची नोंद आली. नायट्रोफ्युरँटोइन आणि मिनोसायक्लिन या औषधांबाबत असं घडतं हे आधीच ठाऊक होतं. अशा रुग्णात एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं आणि बायोप्सीही जुळणारी असू शकते. फरक पुढे कळतो. औषधामुळे झालेला आजार ते बंद केल्यावर, लागलंच तर स्टेरॉइडचा छोटा कोर्स देऊन, आटोक्यात येतो आणि स्टेरॉइड थांबवल्यावर सहसा परतत नाही. म्हणून कडुनिंबावर चढलेल्या वेलीचा काढा रोज सकाळी घेतला असेल, तर डॉक्टरने न विचारताही तो सांगावा. पुडीतलं चूर्ण, काविळीसाठी नाकात घातलेले थेंब, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या, सगळं.